कानाने वाचलेलं पण वाचलेलंच: डिस्लेक्सिया असलेली मुलं आणि आपलं गावातलं वाचनालय

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी दर शनिवारी दुपारी बालविभागात बसते, पगारी नाही, हौस म्हणून, आणि तिथे एक गोष्ट इतक्या वेळा बघितलीये की आता त्यावर लिहायलाच हवं असं झालंय. आई मुलाला घेऊन येते, मूल कपाटातून किल्ल्यांचं नाहीतर डायनोसॉरचं पुस्तक काढतं, खाली फरशीवर बसून चित्रं बघायला लागतं, आणि आई म्हणते "ते नको, त्यात वाचायला काहीच नाहीये, हे घे", मग बारीक टायपातलं दीडशे पानांचं पुस्तक त्याच्या नावावर लागतं, घरी जातं आणि पंधरा दिवसांनी जसंच्या तसं परत येतं. दोन-तीनदा असं झालं की पुढच्या वेळी पुस्तक बदलायला आई एकटीच येते.

यातली सगळीच मुलं डिस्लेक्सिक नसतात. पण काही असतात. माझा भाचा होता, म्हणजे आहे, ते जात नाही. दुसरीत असताना हा मुलगा ऐकलेली गोष्ट आवाज काढून, हातवारे करून अख्खी सांगायचा, आणि त्याच गोष्टीचं पहिलं वाक्य वाचायला दिलं की घामाघूम व्हायचा. शाळेतून निरोप यायचा की लक्ष देत नाही, घरी आम्ही म्हणायचो आळस करतो. दीड वर्ष आम्ही त्याला हेच म्हणत राहिलो याचं मला अजून वाईट वाटतं.

तर डिस्लेक्सिया म्हणजे काय, ते आधी साधं सांगते. बोलणं मूल आपोआप शिकतं, घरात चार माणसं बोलत असली की झालं, त्याला क्लास लावावा लागत नाही. वाचण्याचं तसं नाहीये. लिपी माणसाने बनवलेली गोष्ट आहे, फार तर पाचेक हजार वर्षांपूर्वीची, मेंदूत तिच्यासाठी जन्मापासून जागा राखलेली नसते, आणि डोळ्याला दिसणारा आकार आणि कानाला ऐकू येणारा आवाज यांची गाठ प्रत्येक मुलाला नव्याने मारावी लागते. बहुतेकांची गाठ पहिली-दुसरीत घट्ट बसते आणि मग आपण कधी वाचायला शिकलो हे आठवतसुद्धा नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची ती सैल राहते. शब्दातले आवाज सुटे करायचे, ते अक्षरांना जोडायचे आणि हे सगळं झटक्यात करायचं, यात त्याचा मेंदू जास्त दमतो. नजर ठीक असते, कान ठीक असतात, बुद्धीशी तर याचा संबंधच नाही. "यांना अक्षरं उलटी दिसतात" असं खूप जण म्हणतात पण ते तसं नाहीये, अक्षरांची अदलाबदल लहानपणी सगळीच मुलं थोडीफार करतात, खरी अडचण आवाज आणि अक्षर जोडण्यात असते. आणि हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, आमच्याकडे भाच्याचं कळल्यावर त्याच्या बाबांनी हळूच सांगितलं की मीही पेपर वाचत नाही, नुसते मथळे बघतो.

मोठ्या माणसाला हे कळायला एक सोपा उपाय आहे. मोडीतलं एखादं जुनं पत्र घ्या. भाषा मराठीच आहे, त्यातले शब्द तुमचे आहेत, कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर सगळं समजेल, पण स्वतः वाचायला बसलात तर पहिल्या ओळीलाच पाच मिनिटं जातील आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते विसरलेलं असेल. आता कल्पना करा की बाकीचा वर्ग ती ओळ घडाघडा वाचतोय आणि तुम्हाला उभं केलंय. भाच्यासाठी रोजचा मराठीचा तास असा होता.

"मराठी तर जशी बोलतो तशीच लिहितो, मग मराठीत कसला आलाय डिस्लेक्सिया" असंही ऐकलंय मी, आणि त्यात थोडं तथ्य आहे, इंग्रजीइतकी आपली स्पेलिंगं आडवी जात नाहीत, म्हणून मराठीतलं डिस्लेक्सिक मूल बऱ्याचदा वाचतं बरोबर पण इतकं सावकाश वाचतं की अर्थ निसटून जातो, आणि बरोबर वाचतंय म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. पण देवनागरीच्या आपल्या अडचणी आहेतच. "किल्ल्यावर" हा शब्द घ्या. वेलांटी डोळ्याला दिसते क च्या आधी, म्हणायची नंतर, पुढे ल ला ल आणि त्याला य असं जोडाक्षर. "सूर्य" मध्ये उलटं, रफार बसलाय य च्या डोक्यावर पण म्हणायचा य च्या आधी. एकट्या र ची रूपं मोजा, राम मधला, क्रम मधला, ट्रक मधला, पर्वत मधला, तऱ्हा मधला, आणि कृष्ण मधला ऋकार आपण बोलताना "रु" म्हणतो तो वेगळाच. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व सख्खी भावंडं वाटतात. चार मधला च आणि चारा मधला च लिहायला एकच, म्हणायला दोन. आपल्याला यातलं काही जाणवत नाही कारण आपली गाठ बसलेली आहे.

डिस्लेक्सियाची चुलत भावंडंही असतात. लिहिणं जड जातं तो डिसग्राफिया, आकडे आणि हिशोब जड जातात तो डिसकॅल्क्युलिया. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ऐवजी "वीस एक" म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना? मला तेव्हा याच मुलांचा विचार आला होता, कारण २१ लिहिताना २ आधी आणि म्हणताना एक आधी, आणि २९ ला तर एकोणतीस, म्हणजे नऊचा पत्ताच नाही, हे काही मुलांना खरंच डोंगराएवढं असतं. त्याशिवाय एका जागी बसता न येणारी मुलं आहेत, आवाज आणि गर्दी सहन न होणारी ऑटिझम असलेली मुलं आहेत, आणि एकाच मुलात यातल्या दोन गोष्टीही असू शकतात.

सरकारदरबारी काय आहे ते पटकन सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया यांचं कागदोपत्री नाव, ही आली, १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. आपल्या महाराष्ट्रात त्याच्या खूप आधीपासून दहावीच्या परीक्षेत या मुलांना जास्तीचा वेळ वगैरे सवलती आहेत, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही मुंबईची संस्था १९९६ पासून काम करतेय, आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाची चाचणी केली ती मराठीतही आहे, म्हणजे मराठी मुलाला इंग्रजीच्या फुटपट्टीने मोजायची गरज नाही. पण रीतसर तपासणी साधारण तिसरीत, आठव्या वर्षाच्या आसपास होते, सर्टिफिकेट त्यानंतर. आणि मिळतं ते बरंचसं परीक्षेपुरतं. त्याआधीची दोन-तीन वर्षं, जेव्हा मूल "मला येत नाही" हे मनाशी पक्कं करत असतं, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येतं? गोष्टीची गोडी टिकवायचं काम परीक्षा मंडळ करणार नाही, डॉक्टर करणार नाही. ते वाचनालय करू शकतं, आणि त्यासाठी त्याला कुठलंही सर्टिफिकेट बघावं लागत नाही.

मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलाच्या आयुष्यात पुस्तकं असलेली आणि मार्क नसलेली जागा एकच आहे, वाचनालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात हजारोंच्या संख्येने अनुदानित सार्वजनिक वाचनालयं आहेत, अ वर्गापासून ड वर्गापर्यंत, कुठे मोठी इमारत तर कुठे देवळाशेजारची एक खोली आणि चार कपाटं. अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणारे शिक्षक, म्हणजे रेमेडियल टीचर, तालुक्याला मिळत नाहीत, वाचनालय मिळतं.

आता हे करायचं कसं. जगातल्या ग्रंथालयांची संघटना आहे, इफ्ला, तिने डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांसाठी ग्रंथालयांनी काय करावं याची मार्गदर्शिका २००१ मध्ये काढली आणि २०१४ मध्ये वाढवून पुन्हा काढली. स्वीडनमधल्या ग्रंथालयांत "सफरचंदाचं कपाट" असतं, वाचायला अडचण असलेल्या मुलांची पुस्तकं तिथे, वर फक्त सफरचंदाचं चित्र. नेदरलँड्समध्ये अशाच कोपऱ्यात पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून मांडतात. डेन्मार्कमध्ये नोटा नावाचं राष्ट्रीय ग्रंथालय अंधांसाठी सुरू झालं होतं, आज त्याच्या सभासदांत डिस्लेक्सिया असलेलेच जास्त आहेत. तिकडे पैसा आहे, खरंय, पण यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही.

मुखपृष्ठाचंच घ्या ना. आपली पुस्तकं कपाटात उभी, एकमेकांना चिकटून, बाहेर दिसतो तो फक्त कणा आणि त्यावर आडवं पडलेलं नाव, म्हणजे ज्याला सरळ अक्षर वाचायला कष्ट पडतात त्याला आम्ही मान वाकडी करून वाचायला लावतो आणि मग म्हणतो याला पुस्तकच निवडता येत नाही. आम्ही एका भिंतीवर सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पातळ पुस्तकं टांगली, जाड पुस्तकं बाकावर पसरून ठेवली, आणि पहिल्याच शनिवारी फरक दिसला, मुलं स्वतः निवडायला लागली. विषयाच्या पाट्यांवर अक्षरांबरोबर चित्र काढलं, वाघ म्हणजे प्राणी, किल्ला म्हणजे इतिहास, भूत म्हणजे भूत. "सोपी पुस्तकं" अशी पाटी मात्र कृपया लावू नका. पाचवीतला मुलगा त्या कपाटापाशी मरणार पण उभा राहणार नाही. आम्ही कमी मजकुराच्या पुस्तकांना पतंगाचं स्टिकर लावलंय, त्याचा अर्थ आम्हाला माहितीये आणि ज्याला हवं त्याला सांगतो, बाकीच्यांना तो नुसता पतंग.

पुस्तक कसं असावं हेही बघायला हवं. अक्षर मोठं, आपल्याला वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्यामुळे इंग्रजीपेक्षा थोडं अजून मोठं लागतं, ओळींमध्ये मोकळी जागा, आखूड ओळी, आणि कागद फार चकचकीत नको. डिस्लेक्सियासाठी म्हणून खास फॉन्ट निघालेत पण त्यांनी फार फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही, मोकळ्या जागेने पडतो. वाचनालयाने स्वतः काही छापायचं असेल, सूचना, गोष्टीचं पान, तर "मुक्त" नावाच्या फॉन्टसारखा स्वच्छ फुकट फॉन्ट घ्या, अक्षराच्या आकारात चौदाच्या खाली जाऊ नका, उजवी कड सरळ करायच्या नादात शब्दांमध्ये वेडीवाकडी भगदाडं पाडू नका. आणि जाड कागदाच्या पट्टीत एका ओळीएवढी खिडकी कापा, ती पानावर सरकवत वाचलं की बाकीच्या ओळींची गर्दी दिसत नाही. दिवाळीच्या जुन्या पत्रिकांच्या अशा वीसेक पट्ट्या आम्ही कापल्या, बालविभागाच्या टेबलावर डब्यात ठेवल्यात, कुणीही उचलतं.

आता कानाचं. आपल्याकडे कीर्तन, पोवाडा, आजीची गोष्ट, सगळं कानानेच आलं, ज्ञानेश्वरीच्या ओव्या शतकानुशतकं अक्षरओळख नसलेल्या माणसांना पाठ होत्या, त्यांना कुणी अडाणी ऐकणारे म्हणत नव्हतं. मग आपलं मूल ऑडिओ पुस्तक ऐकतंय म्हटलं की आपल्याला ते फसवणूक का वाटतं? एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नुसतं ऐकून अक्षरं वाचता येत नाहीत, त्यासाठी आवाज आणि अक्षराचं नातं टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं आणि ते जाणकार शिक्षकाचं काम आहे. पण ते शिकायला दोन-चार वर्षं लागणार, आणि त्या काळात वर्गातली बाकी मुलं पुस्तकांतून हजारो नवे शब्द, नवी माहिती गोळा करत असतात. हे मूल ऐकून ते गोळा करू शकलं नाही तर वाचायला लागेपर्यंत ते शब्दांनीच मागे पडलेलं असतं. म्हणून ऐकणं. आणि जमलं तर ऐकताना समोर तेच पुस्तक उघडं, बोट ओळीवर.

साधनं आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या, छापून घ्यायलाही परवानगी आहे. अँड्रॉइड फोन मराठी मजकूर वाचून दाखवतो, आवाज थोडा यंत्रासारखा वाटतो पण चालतो. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं, छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी, ते फक्त अंधांसाठी आहे असं बऱ्याच ग्रंथपालांना वाटतं पण त्यात डिस्लेक्सियाही बसतो. तिथे सभासद होताना मात्र दाखला लागतो, तो असलेल्या मुलांच्या आईबाबांना हे ग्रंथपालाने सांगायला हवं, कारण दुसरं कुणी सांगणार नाहीये.

आणि जे पुस्तक कुठेच ऑडिओत नाही ते? ते आपण वाचून रेकॉर्ड करू शकतो. इथे सगळे घाबरतात, कॉपीराइटचं काय म्हणून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात स्पष्ट सोय आहे, दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तक दुसऱ्या रूपात करता येतं, नफा न घेता, आणि ते त्याच वाचकांपुरतं राहील याची काळजी घेऊन. म्हणजे यूट्यूबवर टाकायचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवर फिरवायचं नाही, त्या मुलाला द्यायचं. अशी पुस्तकं देशांच्या सीमा ओलांडून देता यावीत यासाठी मराकेश करार झाला २०१३ मध्ये, आणि तो मंजूर करणारा जगातला पहिला देश आपला होता, २०१४ मध्ये. मला याचा फार अभिमान वाटतो आणि तितकंच आश्चर्य वाटतं की वाचनालयांपर्यंत हे पोचलंच नाही.

रेकॉर्ड कोण करणार? आमच्याकडे पेपर विभागात रोज सकाळी येणारे आजोबा आहेत, तुमच्याकडेही असतील, चार पेपर कडेकडेने वाचून काढतात आणि मग गप्पा मारत बसतात. त्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना विचारलं, ते म्हणाले "मी कसलं रेकॉर्ड करतो, माझा आवाज बसलाय", आणि आता पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद करून घाम पुसत वाचतात. त्यांनाच मग जोडीने वाचायला बसवलं. जोडवाचन म्हणजे दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायचं, मोठ्या माणसाने मुलाच्या वेगाने, मूल अडखळलं की चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग शब्द सांगून पुढे जायचं, "आठव बघू" नाही, "कालच सांगितलं होतं" नाही. मुलाला वाटलं की एकट्याने वाचावं तर त्याने टेबलावर टकटक करायची, आजोबा गप्प. पंधरा मिनिटं पुरतात. ही टकटक पहिल्यांदा ऐकू यायला आमच्याकडे दोन महिने लागले.

वाचनालयाच्या काही रीती मात्र बदलायला लागतात. सभासदत्वाचा फॉर्म मुलानेच भरावा हा आग्रह सोडा, तोंडी विचारून आपण लिहा. या मुलांना वेळ जास्त लागतो, तारीख लक्षात राहत नाही, तर दंड नको आणि मुदत दुप्पट करा, देवघेव विभागात बसणाऱ्या माणसाला तसं सांगून ठेवा म्हणजे रांगेत सगळ्यांसमोर वाद होणार नाही. जास्त गडबड सहन न होणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातला एखादा शांत तास ठेवा, आणि ज्यांना बसवत नाही त्यांना उभं राहून, फिरत ऐकू द्या, बालविभागात "शांतता राखा" ही पाटी तशीही चुकीच्या जागी आहे.

आणि स्पर्धा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी आपण हमखास प्रकट वाचन स्पर्धा ठेवतो. आणि सुट्टीत "सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस". भाच्याच्या पोटात त्या दिवशी दरवर्षी दुखायचं. स्पर्धा काढून टाका असं मी म्हणत नाहीये, तिच्या शेजारी एक दार उघडा, ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगा, चित्र काढा, मातीचं करा, चौघांनी मिळून नाटुकलं करा, आणि त्याचं बक्षीस तेवढंच मोठं ठेवा.

ग्रंथपालाने निदान करायचं नाही हेही तितकंच खरं. "तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया असणार" असं काउंटरवरून कुणी म्हणू नये, आई घाबरते नाहीतर चिडते, आणि आपण डॉक्टर नाही. पण बघितलेलं सांगता येतं. आमच्या ग्रंथपाल मॅडम म्हणतात, "ताई, याला गोष्टी किती छान समजतात हो, पण वाचताना फार दमतो, डोळे तपासून घ्या आणि एकदा शाळेतल्या बाईंशीही बोलून बघा." एवढंच. सरकारी मोठ्या दवाखान्यांत तपासणी कुठे होते, दाखल्याला काय कागद लागतात, हे एका कागदावर लिहून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असावं, मागितलं की देता येईल असं.

एका ठिकाणी मात्र आम्ही अजून अडलोय. सातवी-आठवीतला मुलगा, ज्याचं वाचन दुसरीचं आहे पण डोकं त्याच्या वयाचंच आहे, त्याला ससा-कासव नकोय, त्याला क्रिकेट, अंतराळ, शिवाजी महाराजांच्या लढाया हव्यात, पण सोप्या वाक्यांत आणि मोठ्या अक्षरात. अशी मराठी पुस्तकं मला बोटावर मोजण्याइतकीच सापडलीत. प्रकाशक म्हणतात मागणी नाही, आणि मागणी करणारं मूल वाचनालयात यायचंच बंद झालेलं असतं. वाचनालयांनी खरेदीच्या वेळी प्रकाशकांना हे लेखी कळवलं, पन्नास-शंभर वाचनालयांनी कळवलं, तर काहीतरी हलेल असं मला मनापासून वाटतं. पैशांचं म्हणाल तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांत बालविभाग आणि दिव्यांग वाचकांच्या कोपऱ्यासाठी मदत मिळते, समितीच्या मीटिंगमध्ये विषय काढा, अर्ज करायला काय लागतं ते जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारता येतं.

तोवर चित्रकथा, कोडी, विनोद, क्रिकेटची चित्रं असलेली जुनी मासिकं, बाटलीवरच्या सूचना, सगळं चालतं. भाचा आता नववीत आहे. अजूनही सावकाशच वाचतो, शुद्धलेखन अवघडच आहे, पण गडकोटांवरचं जे काही वाचनालयात ऑडिओत होतं ते सगळं ऐकून संपलंय, आणि मागच्या शनिवारी त्याने त्या पंखा बंद करून वाचणाऱ्या आजोबांना सांगितलं की तुम्ही रायगडाच्या पानावर एक परिच्छेद गाळलाय. त्यांनी पुस्तक काढून बघितलं तर खरंच गाळला होता, दोघांनी मिळून तो पुन्हा रेकॉर्ड केला, अर्धा आजोबांच्या आवाजात आणि अर्धा त्याच्या.